मगवरचा फोटो फिकट, डागाळलेला किंवा अर्धवट येतोय? तापमान वाढवण्याआधी वापरलेला कागद बघा

मग प्रिंटिंगचं काम नव्याने सुरू केलेल्यांचे फोन साधारण एकाच वाक्याने सुरू होतात: "कालपर्यंत छान येत होतं हो." दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "तापमान दहा अंशांनी वाढवून बघितलं." त्यानंतर वेळ वाढवलेली असते, तापमान परत खाली आणलेलं असतं, आणि तोवर अर्धा डझन कोरे मग वाया गेलेले असतात. नक्की काय बदललं होतं हे कोणालाच आठवत नाही.

मी चिपळूणला हे काम करते आणि आसपासच्या दुकानांमधल्या प्रेसही बघून देते. बिघाड बहुतेक वेळा तापमानात नसतोच. खाली लिहिलेलं सगळं नेहमीच्या मांडणीसाठी आहे: ११ औंसांचा पांढरा कोटेड मग (वर रंग धरणारा थर दिलेला), इंक टँक प्रिंटरमध्ये भरलेली सबलिमेशन शाई (तापली की वाफ होऊन मगवर उतरणारी) आणि तापणाऱ्या पॅडने मगला विळखा घालणारी इलेक्ट्रिक मग प्रेस.

लक्षणे

- सगळा फोटो सारखाच फिकट, धुरकट
- मधला भाग छान, पण वरची किंवा खालची कड फिकट. किंवा कानाजवळचा उभा पट्टा गायब
- मध्येच विरळ चट्टे, पाण्याचे थेंब सुकल्यासारखे डाग, निळे बारीक ठिपके
- अक्षरांच्या कडेला सावली, जणू दोनदा छापलं आहे
- रंगच भलते: चेहरा हिरवट किंवा लालभडक, काळा तपकिरी
- सकाळचा पहिला मग फिकट, चौथा बरोबर, दहावा जळकट
- दिसायला उत्तम, पण गिऱ्हाइकाने चार वेळा घासला की फोटो निघतो

तुमचं लक्षण यातलं कोणतं, हे आधी ठरवा. "नीट येत नाही" एवढ्यावरून काही शोधता येत नाही.

आधी कागद बघा

सबलिमेशनमध्ये कागदावरचा रंग तापल्यावर वितळत नाही, थेट वाफ होतो. मगवर पॉलिमरचा पातळ थर असतो, तो त्याच वेळी उष्णतेने सैल झालेला असतो. रंगाची वाफ त्यात शिरते आणि मग थंड झाला की आतच अडकते. म्हणजे चार गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात: रंग, उष्णता, कागद आणि मग यांचा घट्ट स्पर्श, आणि तो रंग धरणारा थर. यातलं काय कमी पडलं ते वापरलेला कागद सांगतो, आणि नेमका तोच कागद सगळे चोळामोळा करून टाकतात.

मग आणि त्याच्यावरून काढलेला कागद शेजारी ठेवा. कागदावर थोडी छाप नेहमीच उरते, ती सोडून द्या.

मग फिकट आणि कागदावर रंग अजून भरपूर शिल्लक: रंगाची पुरेशी वाफ झाली नाही. उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला, किंवा शाईच सबलिमेशनची नाही.

मगवर जिथे पट्टा फिकट, नेमका तिथेच कागद गडद: त्या जागी पॅड टेकलेला नाही. हे दाबाचं किंवा हीटर पॅडचं काम.

कागद सगळीकडे सारखाच रिकामा झालाय, पण मगवर चट्टे आहेत: कागदाने रंग सोडला, मगने धरला नाही. कोटिंग किंवा ओलावा.

कागद रिकामा आणि मगही एकसारखा फिकट: मुळात छपाईच हलकी झाली. प्रिंटरकडे जा, प्रेसला हात लावू नका.

एवढ्यावरून निम्मी कामं वगळता येतात. आता तपासण्या, फुकटापासून खर्चाकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक मगच्या तळाला मार्करने तापमान आणि सेकंद लिहा. चाचणीसाठी चांगले मग वाया घालवू नका. खोक्यात कान तुटलेले, टवका उडालेले दोन-चार मग येतातच, ते बाजूला ठेवत जा. तडा गेलेला मात्र नको, तो प्रेसमध्ये फुटतो.

फोटो आणि प्रिंटरची सेटिंग

धूसर फोटो आणि फिकट फोटो यांत लोक गल्लत करतात. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, तो तिथे दाबून लहान होतो आणि मोठा करून छापला की धूसर येतो. प्रेसचा इथे काही दोष नाही. २० बाय ९ सेंटिमीटरच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २३६२ बाय १०६३ पिक्सेल लागतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि ऑर्डर घेतानाच फोटो मोठा करून बघा, छापल्यावर नाही.

प्रिंटरमध्ये ड्राफ्ट किंवा 'हाय स्पीड' चालू राहिलं असेल तर शाई कमी पडते, पट्टे येतात. दर्जा 'हाय' ठेवा. कागदाचा प्रकार दर वेळी एकच निवडा, कारण त्यावरून प्रिंटर किती शाई टाकायची ते ठरवतो. प्लेनवरून मॅटवर गेलात की सगळा रंग बदलतो, आणि संगणक बदलला किंवा ड्रायव्हर नव्याने टाकला की सेटिंग गुपचूप मूळपदावर जाते. 'कालपर्यंत येत होतं'वाल्यांपैकी कितीतरी जण इथेच सापडतात.

कागद बरोबर बाजूने घातलाय ना? सबलिमेशन कागदाची कोटेड बाजू जास्त पांढरी असते, दुसरी थोडी पिवळट किंवा कंपनीचं नाव छापलेली. उलट्या बाजूला छापलं तर शाई कागदात मुरते आणि मगवर निम्मीही पोचत नाही.

कागदावरची छपाई स्वतः मरगळलेलीच दिसते, ते चालतं. खरा रंग तापल्यावर उघडतो. म्हणून कागद बघून फोटो गडद करत बसू नका.

नोझल आणि शाई

नोझल चेक काढा, म्हणजे शाई फवारणारी सगळी बारीक छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारं पान. एका कागदाचा खर्च. निळ्याची एक रेघ तुटली असेल तर चेहरे लाल-पिवळे येणार, गुलाबीची तुटली तर हिरवट. एकदा-दोनदा हेड क्लीनिंग करा आणि रात्रभर थांबून परत बघा. सलग पाच-सहा क्लीनिंग मारू नका. प्रत्येक वेळी शाई प्रिंटरच्या वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणारा स्पंज) जाते, तो भरला की प्रिंटर बंद पडतो, आणि हवेमुळे अडकलेली नोझल सलग क्लीनिंगने बहुधा सुटत नाही.

आठ दिवस दुकान बंद होतं का? सबलिमेशन शाईत रंगाचे कण तरंगत असतात, ते खाली बसतात. नवी बाटली भरण्याआधी हलवा. धंदा मंद असला तरी दोन-तीन दिवसांनी सगळे रंग असलेलं एक पान काढत जा.

सेकंडहँड प्रिंटर घेतला असेल तर नळ्यांत आधीची साधी शाई असू शकते. ती शाई वाफ होत नाही, कागदावरच राहते. मग फिकट आणि कागद गडद, हेच लक्षण. म्हणून तापमान वाढवून काही होत नाही. नळ्या रिकाम्या होईपर्यंत पानं काढावी लागतात. आणि कोणी स्वस्तात कॅनन किंवा एचपीचा घरगुती इंकजेट देत असेल तर घेऊ नका. त्यांच्या हेडमध्ये शाई तापवून फेकली जाते. सबलिमेशन शाईला तसा हेड चालत नाही, पिझो हेड (न तापवता दाबाने शाई फेकणारा) लागतो, आणि एपसनच्या इंक टँक प्रिंटरमध्ये तो असतो.

रंग भलते येत असतील आणि नोझल पूर्ण असतील तर शाईवाल्याकडून त्याच शाईचा आणि त्याच कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) मागा. शाईचा ब्रँड बदलला की प्रोफाइल बदलतो. काळा तपकिरी आला की लोक लगेच 'जास्त भाजलं' म्हणतात. कमी भाजल्यावरही काळा तपकिरी पडतो आणि प्रोफाइल चुकीचा असला तरीही. वापरलेला कागद बघूनच ठरवा.

ओलावा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कोकणात जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात मोठी. मुंबई, ठाणे, गोव्यातही वेगळं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पापड सादळतात तसाच हा कागद सादळतो. हाताला कळत नाही, प्रेसला कळतं.

कागदातलं पाणी १०० अंशांना वाफ होतं, रंगाची वाफ त्याच्या बरीच नंतर सुटते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. घट्ट दाबलेल्या कागदामागे तिला बाहेर पडायला वाट नसते. ती कागद उचलते, तिथे स्पर्श सुटतो, आणि चट्टा किंवा सावली उमटते. प्रेस बंद केल्यावर कडेने वाफ निघताना दिसली तर आणखी पुरावा शोधू नका.

उपाय स्वस्त आहेत. कागदाचं पाकीट फोडलं की गठ्ठा झिपलॉक पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, ओलं झालं की कळतं आणि तापवून परत वापरता येतं. छापलेला कागद पंख्याखाली पाच-दहा मिनिटं सुकू द्या किंवा लांबून हेअर ड्रायर फिरवा. छापलेल्या कागदावर इस्त्री फिरवू नका, रंग तिथेच सुटायला लागतो. मगही पुसून, प्रेसमध्ये वीस-तीस सेकंद कोरा गरम करून घ्या. गोदामातून आलेल्या थंड मगवर दमट हवेचं पाणी धरलेलं असतं.

निळे बारीक ठिपके हा ओलावा नव्हे, धूळ आणि कापसाचे तंतू. तंतू न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुन्या बनियनच्या फडक्याने पुसणारे लोक तंतू काढत नाहीत, लावतात.

टेप आणि गुंडाळणी

कागद मगला ताठ बसला पाहिजे. मधे फुगवटा राहिला की फोटोवर ढगाळ जागा येते. उष्णता सहन करणारी पॉलिइमाइड टेप वापरा, ती साधारण २६० अंशांपर्यंत टिकते. सेलोटेप वितळून मगला चिकटते, तिथे गिऱ्हाइकाला काही समजावून सांगता येत नाही.

अक्षरांना सावली येते ती बहुधा शेवटच्या दोन सेकंदांत. प्रेस उघडली, मग अजून तापलेला आहे, रंग अजून वाफ होतोय आणि कागद हळूहळू सोलताना सरकला. जाड हातमोजे घालून, एक टोक धरून, एका झटक्यात काढा. त्यानंतर मग जाळीवर ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. पटकन थंड व्हावा म्हणून गार पाण्यात बुडवायची सवय असेल तर सोडा. चिनीमाती तडकते, कधी हातातच.

मग कोणता आणला?

साधा पांढरा मग आणि कोटेड मग दिसायला सारखेच. साध्या मगच्या चिनीमातीला रंग धरता येत नाही. कोटिंग आहे पण पातळ आहे, असे मगही बाजारात येतात, आणि ते ओळखायला एकच रस्ता: नव्या खोक्यातला एक मग चाचणीला द्यायचा. फोटो उतरवा, पूर्ण थंड करा, दुसऱ्या दिवशी भांड्याच्या घासणीने साबण लावून घासा, नखाने कड खरवडा. पृष्ठभागावर पापुद्रा निघाला तर खोकं परत. जुन्या मालातला एक आणि नव्यातला एक, दोन्हींवर तोच फोटो त्याच सेटिंगला काढला की वाद मिटतो. घाऊकवाल्याला दाखवायलाही तीच जोडी कामाला येते.

रंगीत मग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगा की सबलिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतलं पांढरं म्हणजे मगचं पांढरं. निळ्या मगवर गोरा नवरदेव निळाच येणार.

दाब

इथून पुढे स्क्रू आणि पाने लागतील. बहुतेक प्रेसला मागे दाब कमी-जास्त करायची चकती असते. दांडी बंद करताना शेवटच्या टप्प्यात हाताला ठोस विरोध जाणवला पाहिजे, पण दोन हातांनी रेटावं लागता कामा नये. फार घट्ट केलंत तर पॅडच्या आतल्या तारा लवकर तुटतात.

कोऱ्या कागदाच्या पट्ट्या मग आणि पॅडच्या मधे वर, मधे, खाली ठेवून थंड प्रेस बंद करा आणि एकेक ओढा. तिन्ही सारख्या अडल्या पाहिजेत. खालची सहज सुटली तर खालची कड फिकट का येते ते कळलं. मग अगदी सरळ नळकांडं नसतो, काही तळाकडे निमुळते असतात. अशांना पॅड वरच टेकतो.

कानाजवळचा भाग मात्र दाबाने सुटणार नाही. ११ औंसांच्या मगचा व्यास साधारण ८.२ सेंटिमीटर, म्हणजे घेर पावणे सव्वीसच्या आसपास. पॅड कानापर्यंत पोचत नाही. डिझाइन २० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. कानापासून कानापर्यंत छपाई हवी असेल तर सिलिकॉन पट्टा आणि ओव्हन ही वेगळी मांडणी आहे.

आता तापमान, वेळ आणि व्होल्टेज

बहुतेक मग प्रेसवर आकडे १८० ते २०० अंश आणि दोन ते चार मिनिटं यांच्यामध्ये बसतात. शाई आणि मगवाल्याने दिलेला आकडा धरा आणि त्यातला एकच हलवा: तापमान तेच, वेळ वीस-वीस सेकंदांनी. कोटिंग पिवळं पडलं, कडा पसरल्या, कागद चिकटला, ही जास्त भाजल्याची खूण.

तुमच्या प्रेसचा टायमर कधी सुरू होतो ते पाहून ठेवा. थंड मग घातला की तापमान खाली येतं. काही प्रेस ते परत वर येईपर्यंत थांबतात आणि त्यानंतरच सेकंद मोजतात, काही बटण दाबल्याबरोबर मोजू लागतात. दुसऱ्या प्रकारात पहिला मग फिकट आणि दहावा जळकट येणारच. दिवसाचा पहिला मग जुना, टाकाऊ घाला आणि प्रेस त्याच्यासकट तापवा. रिकामी प्रेस तापवत ठेवली तर पॅड लवकर जातो. पुढचे सगळे मग आधी कोमट करून घ्या.

संध्याकाळीच फोटो फिकट येतात? व्होल्टेज बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर ताकद ६८ टक्क्यांवर येते, म्हणजे ३५० वॉटचा पॅड २४० वॉटचा होतो. सेट तापमान गाठायला तो धापा टाकतो, आणि टायमर आधीच धावत असेल तर मग कच्चा राहतो. मल्टिमीटर नसेल तर वायरमनकडून भर गर्दीच्या वेळी मोजून घ्या. पुरेशा वॉटचा स्टॅबिलायझर लावा किंवा ऑर्डरी दुपारी उरका. लांबलचक पातळ एक्स्टेंशन वायर आधी काढून टाका, तिचे पैसे लागत नाहीत.

हे सगळं ठीक असूनही कागदावर रंग उरत असेल तर प्रेसवरचा आकडा खोटा असू शकतो. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जोडता येणारा मल्टिमीटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. तारेचं टोक मग आणि पॅडच्या मधे धरून बंद प्रेसमध्ये मोजा. इन्फ्रारेड गनने मोजायला प्रेस उघडावी लागते, आणि उघडताच पॅड थंड होऊ लागतो, म्हणून आकडा पडलेला दिसतो. आठ-दहा अंशांचा ठराविक फरक असेल तर तेवढा सेटिंगमध्ये धरून चाला. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर सेन्सर सैल आहे किंवा संपलाय.

इथे थांबा

खालचं काही दिसलं की प्लग काढा. स्वतः उघडून बघू नका, यूट्यूबवर कितीही सोपं दाखवलेलं असो.

प्रेसच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंग नाही किंवा पॅडचं इन्सुलेशन फुटलंय. आधी वायरमन, सॉकेटसकट तपासायला.

सेट आकडा ओलांडून तापमान चढतच राहतं. आतला रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटलाय, म्हणजे प्रेस स्वतःहून बंद होणार नाही. अशी प्रेस चालू ठेवून दुकानातून दोन मिनिटंही बाहेर जाऊ नका. कंट्रोलरचं काम जाणणाराच लागेल.

पॅडला भेग, आतली तार दिसणं, जळका वास, चालू करताच एमसीबी पडणं. काही प्रेसचे पॅड सॉकेटवरून सुटतात. तसा असेल तर प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, त्याच मापाचा आणि वॉटचा पॅड तुम्ही बदलू शकता. तारा कापून जोडायच्या असतील तर ते तुमचं काम नाही.

दोन क्लीनिंग आणि एक रात्र थांबूनही नोझल तुटकीच असेल तर प्रिंटरवाला. हेडमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजने दाबून पाणी सोडायचा उद्योग केलेले हेड मी पाहिलेत, त्यातले बरेच परत चालले नाहीत. हेडची किंमत आणि नव्या प्रिंटरची किंमत आधी विचारा. लहान प्रिंटरला कधीकधी दुरुस्ती परवडत नाही.

प्रेस दुरुस्तीला असताना शाळेच्या गॅदरिंगची किंवा लग्नाची ऑर्डर घेऊ नका. घेतलेलीच असेल तर गावातल्या दुसऱ्या प्रिंटिंगवाल्याकडून जॉबवर्कने काढून घ्या. नफा कमी होतो, गिऱ्हाईक राहतं.

कारागिराला बोलावताना एवढं हाताशी ठेवा: बिघडलेला एक मग आणि त्याचाच वापरलेला कागद, तळाला लिहिलेले आकडे, प्रेसवरच्या पट्टीचा वॉट आणि व्होल्टचा फोटो, आजची नोझल चेक, आणि त्या वेळचं मोजलेलं व्होल्टेज. फोनवर बोलतानाही आधी हेच फोटो पाठवा. बऱ्याचदा त्याला यायचीही गरज पडत नाही, आणि भेटीचे पैसे वाचतात.